बाटली आधी की इंजेक्शन आधी? : सेप्सिसबद्दल वाचकांचे प्रश्न

सेप्सिसवर प्रश्न पाठवा, असं मागच्या अंकात म्हटलं होतं. आलेली बरीचशी पत्रं ग्रामीण रुग्णालयांतल्या डॉक्टरांची आणि परिचारिकांची आहेत, काही आशाताईंची, काही रुग्णांच्या नातेवाइकांची. जंतुसंसर्गाशी लढताना शरीराचा स्वतःचाच प्रतिसाद बिघडतो आणि फुप्फुसं, मूत्रपिंडं, मेंदू यांना इजा होऊ लागते, ती अवस्था म्हणजे सेप्सिस. २०१७ या एका वर्षात जगात सुमारे ४ कोटी ८९ लाख लोकांना तो झाला आणि १ कोटी १० लाख दगावले, असा अंदाज २०२० मध्ये ‘लॅन्सेट’ने छापला. त्यातले जवळपास ८५ टक्के रुग्ण गरीब आणि मध्यम स्थितीतल्या देशांतले. उपचारांचे नियम मात्र बहुतेक श्रीमंत देशांतल्या अतिदक्षता विभागांत ठरले. आलेल्या निम्म्या प्रश्नांचं मूळ तिथेच आहे.

खाली दिलेले डोस उपचार करणाऱ्यांसाठी आहेत. घरी कुणी ते वापरू नयेत.

प्रश्न : आमच्याकडे ३० खाटा आहेत, रात्री दोन परिचारिका, व्हेंटिलेटर नाही. बीपी ८०/५० असलेला रुग्ण आला की पुस्तक सांगतं, किलोमागे ३० मिली सलाईन द्या. तेवढं दिलं की काहींना धाप लागते. न द्यावं तर बीपी वर येत नाही. नेमकं किती द्यायचं?
— वैद्यकीय अधिकारी, ग्रामीण रुग्णालय, गडचिरोली जिल्हा

तुमची शंका रास्त आहे. तिला आफ्रिकेतल्या दोन अभ्यासांचा भक्कम आधार आहे, म्हणून आधी ते सांगतो.

भरभर सलाईन देण्याची पद्धत रूढ झाली ती २००१ मध्ये डेट्रॉईटच्या एका रुग्णालयातल्या २६३ रुग्णांच्या अभ्यासानंतर. पहिल्या सहा तासांत ठरलेल्या क्रमाने सलाईन, रक्तदाब वाढवणारी औषधं आणि रक्त दिल्यावर मृत्यू ४६.५ टक्क्यांवरून ३०.५ टक्क्यांवर आले. पुढे अमेरिका, ऑस्ट्रेलिया आणि ब्रिटन इथल्या मोठ्या चाचण्यांत या ठरीव क्रमाचा वेगळा फायदा दिसला नाही. पण तोवर ‘आधी बाटली’ हे सगळ्यांच्या अंगवळणी पडलं होतं.

मग युगांडा, केनिया आणि टांझानियात ‘फीस्ट’ ही चाचणी झाली. ताप आणि रक्ताभिसरण मंदावल्याची लक्षणं असलेली ३,१४१ मुलं तीत होती. काहींना किलोमागे २० ते ४० मिली द्रव झपाट्याने दिला, काहींना फक्त रोजच्या गरजेपुरता. ४८ तासांत झपाट्याने द्रव मिळालेल्या गटांत साडेदहा टक्क्यांच्या आसपास मुलं दगावली, न मिळालेल्या गटात ७.३ टक्के. चाचणी मध्येच थांबवावी लागली. यातल्या निम्म्याहून अधिक मुलांना मलेरिया होता आणि सुमारे एक तृतीयांश मुलांचं हिमोग्लोबिन ५ च्या खाली होतं, हे ध्यानात ठेवा, कारण आपल्या आदिवासी पट्ट्यातलं चित्र याच्या जवळ जातं. जुलाबाने सुकलेली आणि तीव्र कुपोषित मुलं या चाचणीत घेतलेली नव्हती.

प्रौढांचं उत्तर झांबियातून आलं. लुसाकाच्या विद्यापीठ रुग्णालयात सेप्सिस आणि कमी रक्तदाब असलेल्या २१२ रुग्णांवर अभ्यास झाला. तो २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. ठरीव पद्धतीने उपचार केलेल्या गटाला पहिल्या सहा तासांत साधारण साडेतीन लिटर द्रव मिळाला, नेहमीच्या उपचारांच्या गटाला दोन लिटर. रुग्णालयात मृत्यू पहिल्या गटात ४८.१ टक्के, दुसऱ्यात ३३ टक्के. तिथल्या जवळजवळ ९० टक्के रुग्णांना एचआयव्ही होता, त्यामुळे हे आकडे जसेच्या तसे चंद्रपूर-गडचिरोलीला लावता येणार नाहीत. पण कारण समजून घेण्याजोगं आहे. सेप्सिसमध्ये केशवाहिन्या गळक्या होतात. दिलेल्या सलाईनचा मोठा भाग तासाभरात रक्तवाहिन्यांबाहेर जातो आणि फुप्फुसांत साचतो. व्हेंटिलेटर हाताशी असेल तर ही चूक पचते. तो नसेल तर तीच चूक जीव घेते. ‘फीस्ट’मधली मुलं तर फुप्फुसांत पाणी होऊन कमी आणि हृदयाचं काम कोलमडून जास्त गेली, असं नंतरच्या विश्लेषणात दिसलं. म्हणून सलाईनला औषध समजून डोस मोजावा.

आता प्रत्यक्षात काय करायचं ते.

पहिल्या दहा मिनिटांत तीन गोष्टी : ग्लुकोमीटरने साखर, शिरेत सुई लावतानाच कल्चरसाठी (जंतू वाढवून ओळखण्याच्या तपासणीसाठी) रक्त, आणि लगेच अँटिबायोटिकचा पहिला डोस. साखर ७० च्या खाली असेल तर प्रौढाला २५ टक्के डेक्स्ट्रोज १०० मिली. ‘शुद्धीवर नाही, सेप्सिस आहे’ असं म्हणून ठेवलेल्या रुग्णांत निव्वळ साखर उतरलेली असणं नवीन नाही.

मग सलाईन. प्रौढाला रिंगर लॅक्टेटची ५०० मिलीची बाटली अर्ध्या तासात. रिंगर नसेल तर नॉर्मल सलाईन चालेल. ५ टक्के डेक्स्ट्रोज किंवा डीएनएस (डेक्स्ट्रोज आणि मीठ एकत्र असलेलं सलाईन) बीपी वर आणण्यासाठी वापरू नका, आणि कपाटात स्टार्चच्या बाटल्या पडून असतील तर त्या अजिबात नकोत. त्यांनी मूत्रपिंडं निकामी होण्याचं प्रमाण वाढतं. बाटली संपली की दुसरी लावण्याआधी रुग्णाजवळ दोन मिनिटं उभं राहून पाच गोष्टी पाहायच्या : पूर्ण एक मिनिट मोजलेला श्वासाचा वेग, फुप्फुसांच्या तळाशी नवी करकर, ऑक्सिजनची पातळी, बीपी, आणि बोटाचा रंग परत यायला लागणारा वेळ. सुधारणा आहे आणि फुप्फुसं स्वच्छ आहेत, तर पुढे २५०-२५० मिली, दर वेळी हीच तपासणी करून. श्वास पाच-सहाने वाढला, ऑक्सिजन तीन टक्क्यांनी उतरला किंवा करकर ऐकू आली, की तिथेच थांबायचं. साधारण १ ते दीड लिटर जाऊनही बीपी येत नसेल तर पुढची बाटली लावू नका, नॉरअ‍ॅड्रेनलिन (रक्तवाहिन्या आवळून बीपी वाढवणारं औषध) सुरू करा. तुमचं पुस्तक म्हणतं तो ३० मिलीचा आकडा ५० किलोच्या माणसाला दीड लिटरच होतो. तो पहिल्या तीन तासांसाठी आहे, आणि २०२१ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत तो ‘सुचवतो’ इतक्या सौम्य शब्दांत, कमकुवत पुराव्यावर दिलेला आहे. तो पूर्ण केलाच पाहिजे असं कुणी तुम्हाला बजावत असेल तर ही गोष्ट दाखवा.

बोटाची तपासणी अशी : तर्जनीच्या शेवटच्या पेरावर काचपट्टीने पांढरं पडेपर्यंत दाबायचं, दहा सेकंद धरायचं, सोडायचं. रंग परत यायला ३ सेकंदांहून अधिक लागले तर रक्तपुरवठा अपुरा. दक्षिण अमेरिकेतल्या पाच देशांत ४२४ रुग्णांवर या तपासणीची आणि रक्तातल्या लॅक्टेटची (रक्तपुरवठा कमी पडला की वाढणाऱ्या घटकाची) तुलना झाली, आणि काचपट्टी लॅक्टेटपेक्षा कमी पडली नाही. लॅक्टेटचं यंत्र नाही म्हणून अडून बसू नका.

ज्याचं हिमोग्लोबिन ५ आहे त्याला बाटल्यांनी नुसतं पातळ करू नका, रक्ताची सोय करा. उलट जुलाब-उलट्यांनी सुकलेल्या रुग्णाला भरपूर द्रव लागतो, तिथे हात आखडणं घातक. डेंगूचं गणित तिसरंच, ते हिमॅटोक्रिट (रक्तातल्या तांबड्या पेशींचं प्रमाण) बघत चालवावं लागतं.

राहिला प्रश्न दोन परिचारिकांचा. खरी टंचाई इथेच आहे. असा रुग्ण वॉर्डच्या टोकाला न ठेवता ड्युटी टेबलासमोरच्या खाटेवर घ्या. पहिले सहा तास दर अर्ध्या तासाच्या नोंदींचा एकच कागद खाटेला अडकवा. नातेवाइकाला तीन गोष्टी सांगून ठेवा : श्वास वाढला, बडबड सुरू झाली किंवा हाक मारून डोळे उघडले नाहीत, तर रात्री कितीही वाजता उठवा. यंत्रापेक्षा हे जास्त रुग्ण वाचवतं, असं आमचं मत आहे.

प्रश्न : नॉरअ‍ॅड्रेनलिन आहे, पण सिरिंज पंप बंद पडलेला आणि सेंट्रल लाईन घालणारं कुणी नाही. हाताच्या शिरेतून, साध्या ड्रिपने देता येईल का?
— स्टाफ नर्स, उपजिल्हा रुग्णालय

येईल. सेंट्रल लाईनची (मानेतल्या किंवा छातीतल्या मोठ्या शिरेत घालायच्या नळीची) वाट पाहत बीपी ७० वर ठेवण्यापेक्षा ते बरं. पण काही अटींवर.

शीर कोपराच्या खोबणीतली किंवा कोपराखालच्या हाताची मोठी हवी. मनगट आणि हाताची मागची बाजू टाळा. सुई १८ किंवा २० नंबरची. बीपीचा पट्टा दुसऱ्या हाताला, नाहीतर पट्टा फुगला की औषध अडतं आणि सुटला की एकदम आत जातं. त्याच लाईनमधून दुसरं इंजेक्शन ढकलू नका, कारण नळीत साठलेलं सगळं नॉरअ‍ॅड्रेनलिन एका झटक्यात आत जाईल आणि बीपी २०० च्या वर जाईल.

मिश्रण : ४ मिलिग्रॅम नॉरअ‍ॅड्रेनलिन ५ टक्के डेक्स्ट्रोजच्या ५०० मिली बाटलीत. म्हणजे एका मिलीत ८ मायक्रोग्रॅम. ५० किलोच्या रुग्णाला किलोमागे मिनिटाला ०.१ मायक्रोग्रॅम हवं असेल तर मिनिटाला ५ मायक्रोग्रॅम लागतं, म्हणजे सुमारे ०.६ मिली. ६० थेंबांचा एक मिली असलेल्या मायक्रोड्रिप सेटवर हे मिनिटाला ३७ थेंब होतात. सुरुवात १८-२० थेंबांनी करा, दर पाच-दहा मिनिटांनी बीपी बघत वाढवा. सरासरी रक्तदाब ६५ हे लक्ष्य.

इथे हमखास होणारी चूक लेबलवरची आहे. अनेक अँप्युलवर ‘बायटार्ट्रेट’ या क्षाराचं वजन मोठ्या अक्षरांत असतं. २ मिलिग्रॅम बायटार्ट्रेट म्हणजे मूळ नॉरअ‍ॅड्रेनलिन फक्त १ मिलिग्रॅम. वरचा हिशेब मूळ औषधाचा आहे. लेबल न वाचता मिसळलं तर रुग्णाला निम्मा डोस जातो, आणि ‘औषध लागू पडत नाही’ म्हणून पुन्हा सलाईन सुरू होतं.

दर तासाला सुईची जागा बघा. त्वचा पांढरी, गार, कडक दिसली तर ड्रिप लगेच बंद, पण सुई काढू नका. तिच्यातूनच आधी जेवढं ओढता येईल तेवढं ओढून घ्या. यावरचा उतारा, फेंटोलामाइन, सहसा मिळत नाही. टर्ब्युटालिन मात्र प्रसूती कक्षात असतं. १ मिलिग्रॅम १० मिली सलाईनमध्ये मिसळून पांढऱ्या भागात त्वचेखाली थोडं थोडं टोचता येतं. ड्रिप दुसऱ्या हातावर सुरू करा. बाटली संपायच्या पंधरा मिनिटं आधी पुढची तयार हवी. मध्ये खंड पडला तर बीपी कोसळतं.

नॉरअ‍ॅड्रेनलिन नसेल तर अ‍ॅड्रेनलिन : १ मिलिग्रॅमचं अँप्युल १०० मिलीत, ५० किलोला मायक्रोड्रिपने १५ थेंबांपासून. डोपामाइन स्वस्त आणि सवयीचं आहे, पण त्याने हृदयाचे ठोके बिघडण्याचं प्रमाण जास्त, नाइलाजानेच वापरा. डोस वाढवत न्यावा लागतोय आणि चार तास झाले, तर हायड्रोकॉर्टिसोन ५० मिलिग्रॅम दर सहा तासांनी जोडा. ते प्रत्येक रुग्णालयात असतं.

प्रश्न : वडिलांना तालुक्याहून जिल्ह्याला हलवताना डॉक्टरांनी ‘तिथे गेल्यावर तपासण्या होतील, मग इंजेक्शन’ असं सांगितलं. गाडीत ऑक्सिजनही संपला. हे असंच असतं का?
— वाचक, यवतमाळ जिल्हा

असं असू नये. बीपी उतरलेल्या रुग्णाला अँटिबायोटिक तासाभरात मिळायला हवं. तालुक्यात गेलेला वेळ, १०८ ची वाट, रस्ता, तिथली केसपेपरची रांग आणि वॉर्डात पहिला डोस, हे सगळं मिळून पाच-सहा तास सहज जातात. म्हणून पहिला डोस पाठवणाऱ्याने द्यायचा. प्रौढांसाठी बहुतेक ठिकाणी हाताशी असतं ते सेफ्ट्रियाक्सोन २ ग्रॅम शिरेतून. शीर मिळत नसेल तर दोन्ही कुल्ल्यांत एकेक ग्रॅम. लघवीचा किंवा पोटातला संसर्ग वाटत असेल तर जेंटामायसिनचा किलोमागे ५ मिलिग्रॅमचा एक डोस जोडतात. रिंगर लॅक्टेट चालू असलेल्या लाईनमधून सेफ्ट्रियाक्सोन देऊ नये, कारण त्यातल्या कॅल्शियमशी मिळून साका बनतो. ड्रिप थांबवून, नॉर्मल सलाईनने नळी धुऊन मग द्यावं. नवजात बाळांत तर कॅल्शियमयुक्त सलाईन आणि हे औषध एकत्र वर्ज्यच.

ऑक्सिजनचा हिशेब निघण्यापूर्वी मांडता येतो. गाडीतल्या बी टाईप सिलिंडरमध्ये भरलेला असताना सुमारे १,५०० लिटर वायू असतो. मिनिटाला १० लिटर चालू ठेवला तर १५० मिनिटं, म्हणजे अडीच तास. काटा निम्म्यावर असेल तर सव्वा तास. वॉर्डातल्या जंबो सिलिंडरमध्ये सुमारे ७,००० लिटर. प्रवासाच्या अंदाजात किमान एक तृतीयांश वेळ जादा धरावा आणि पातळी ९२ ते ९६ च्या दरम्यान राहील एवढाच प्रवाह ठेवावा. शंभर दिसावं म्हणून दहा लिटर सोडणं म्हणजे वाटेत सिलिंडर रिकामा करणं.

रुग्णाबरोबरच्या चिठ्ठीवर ‘सेप्सिस, रेफर्ड’ एवढंच लिहून भागत नाही. कोणतं अँटिबायोटिक, किती, किती वाजता; एकूण किती मिली द्रव गेला; नॉरअ‍ॅड्रेनलिनचं मिश्रण; शेवटची लघवी कधी झाली; कल्चर घेतलं का. नातेवाइकांनी हे मागून घ्यावं आणि चिठ्ठीचा मोबाईलवर फोटो काढून ठेवावा. पोहोचल्यावर योजनेच्या रुग्णालयात आरोग्यमित्राला गाठा; महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण आहे.

प्रश्न : आमच्याकडून पाठवलेली ब्लड कल्चर जवळजवळ सगळी ‘नो ग्रोथ’ येतात. डॉक्टर म्हणतात, मग पाठवायचीच कशाला?
— प्रयोगशाळा तंत्रज्ञ, नाशिक विभाग

बहुधा रक्त कमी घेतलं जातंय. प्रौढाच्या रक्तात मिलीमागे जंतू अगदी मोजके असू शकतात. एका बाटलीत ८ ते १० मिली हवं आणि दोन वेगळ्या जागांहून दोन संच हवेत. दोन मिली रक्त घेऊन ‘नो ग्रोथ’ आलं तर त्यावरून काही ठरवता येत नाही. हाताने बनवलेलं माध्यम असेल तर रक्ताचं प्रमाण साधारण दहास एक ठेवा. रक्त जास्त झालं तर त्यातलेच जंतुनाशक घटक वाढ रोखतात.

दुसरं कारण वेळ. कुठे तरी गोळ्या, इंजेक्शन घेऊनच रुग्ण येतो, त्याला इलाज नाही. पण तुमच्याच रुग्णालयात पहिला डोस झाल्यावर कल्चर काढत असतील तर तो क्रम बदलता येईल. मात्र कल्चरची बाटली सापडत नाही म्हणून अँटिबायोटिक थांबवू नये. तिसरं, रक्त भरलेली बाटली फ्रिजमध्ये ठेवण्याची सवय. जंतू गारठतात आणि काही मरतात. ती खोलीच्या तापमानाला ठेवून त्याच दिवशी पाठवा.

उलट बाजूही सांगायला हवी. दोन बाटल्यांपैकी एकीतच कोअ‍ॅग्युलेज-निगेटिव्ह स्टॅफिलोकॉकस वाढला तर तो बहुधा त्वचेवरचा असतो. क्लोरहेक्सिडिन-स्पिरिट लावून ते वाळेपर्यंत, निदान तीस सेकंद, थांबणं आणि नंतर त्या जागी बोट न लावणं एवढ्याने हे प्रमाण पुष्कळ उतरतं.

आणि पाठवायची यासाठी, की आपल्याकडे ई. कोलाय आणि क्लेब्सिएला हे जंतू सेफ्ट्रियाक्सोनला अनेकदा दाद देत नाहीत. २०१९ मध्ये औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंमुळे जगात १२ लाख ७० हजार मृत्यू झाले, असा अंदाज आहे. तुमच्या जिल्ह्यात काय चालतं हे तुमच्याच बाटल्या सांगतील, पुण्या-मुंबईचा तक्ता नाही. वर्षभराच्या पॉझिटिव्ह अहवालांची साधी वही ठेवली तरी डॉक्टरांचं मत बदलेल.

प्रश्न : पाच दिवसांचं बाळ दूध ओढत नाही, अंग गार. घरचे दवाखान्यात न्यायला तयार नाहीत. मी काय करू शकते?
— आशा कार्यकर्ती, मेळघाट

ताई, तुम्ही ओळखलंत ते बरोबर आहे. नवजात बाळाला सेप्सिसमध्ये ताप येईलच असं नाही, अंग गार पडणं तितकंच वाईट. दूध सोडणं, हलवल्याशिवाय हालचाल न करणं, मिनिटाला ६० किंवा त्याहून अधिक श्वास, छाती आत ओढली जाणं, झटके, यातलं एकही दिसलं तरी वाट पाहायची नाही. श्वास पूर्ण मिनिट मोजा आणि साठाच्या वर आला तर पुन्हा एकदा मोजा. वाटेत बाळ आईच्या उघड्या छातीशी, वरून पांघरूण, डोक्याला टोपरं.

घरचे अडून बसले तर एएनएमला (उपकेंद्रातल्या परिचारिकेला) बोलवा. केंद्र सरकारच्या २०१४ च्या सूचनांनुसार, एएनएम पाठवण्यापूर्वीचा पहिला डोस देऊ शकते, आणि कुटुंब रुग्णालयात जाणारच नसेल तर सात दिवस जेंटामायसिनचं इंजेक्शन आणि तोंडाने अमॉक्सिसिलिन. जेंटामायसिन किलोमागे ५ मिलिग्रॅम दिवसातून एकदा. अडीच किलोच्या बाळाला साडेबारा मिलिग्रॅम. इथे कुपीवरचा आकडा वाचणं फार महत्त्वाचं : मिलीला ४० मिलिग्रॅमच्या कुपीतून हे ०.३ मिली होतं, मिलीला १० च्या कुपीतून सव्वा मिली. एकीचा हिशेब दुसरीला लावला तर बाळाला चौपट डोस जातो, किंवा चौथाई.

गावात हे जमतं का, याचं उत्तर गडचिरोलीनेच दिलेलं आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांत गावातल्याच स्त्रियांना शिकवलं. त्यांनी घरी जाऊन जेंटामायसिन आणि कोट्रायमोक्साझोल दिलं. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत सेप्सिस झालेल्या बाळांतलं मृत्यूचं प्रमाण १६.६ टक्क्यांवरून २.८ टक्क्यांवर आलेलं होतं. आज आशाताई ज्या घरभेटी देतात (दवाखान्यात जन्मलेल्या बाळाला तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी) त्यांचं मूळ याच कामात आहे. तिसऱ्या आणि सातव्या दिवसाच्या भेटी चुकवू नका.

रुग्णालयात जन्मलेल्या बाळांची अडचण निराळी. दिल्लीतल्या तीन मोठ्या रुग्णालयांत २०११ ते २०१४ दरम्यान झालेल्या अभ्यासात अ‍ॅसिनेटोबॅक्टर हा सर्वांत जास्त सापडणारा जंतू होता आणि त्यातले ८२ टक्के अनेक औषधांना दाद न देणारे होते. तिथे हातांची स्वच्छता आणि सक्शनच्या नळ्या यांच्याकडे लक्ष द्यावं लागतं. नवं अँटिबायोटिक त्याला पुरं पडत नाही.

प्रश्न : पावसाळ्यात ताप, कावीळ, लघवी कमी असे रुग्ण येतात. सेफ्ट्रियाक्सोन देऊनही काही जात राहतात. काय सुटतंय?
— डॉक्टर, सिंधुदुर्ग जिल्हा

लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) तुमच्या मनात असणारच, आणि त्याला सेफ्ट्रियाक्सोन चालतं. सुटतात ते दोन.

एक स्क्रब टायफस, बारीक माइट किड्याच्या चाव्याने होणारा. त्याला सेफ्ट्रियाक्सोन अजिबात लागू पडत नाही. सिगारेटचा चटका बसल्यासारखा काळा खपल्याचा डाग शोधा : काखेत, जांघेत, स्तनाखाली, नाडी बांधतो तिथे. तो दुखत नाही म्हणून रुग्ण सांगत नाही, आणि कपडे न काढता तपासलं तर दिसत नाही. डाग नसला म्हणून आजार नाही असंही नाही. पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या दोन-तीन महिन्यांत कारण न कळलेल्या सेप्सिसला डॉक्सिसायक्लिन पहिल्याच दिवशी जोडावं : २०० मिलिग्रॅम, मग १०० दर बारा तासांनी. शुद्ध नसेल तर नाकातल्या नळीतून. गंभीर रुग्णांत शिरेतून डॉक्सिसायक्लिन आणि अझिथ्रोमायसिन दोन्ही एकत्र दिल्यास गुंतागुंत कमी होते, हे भारतातच झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत दिसलं.

दुसरा मेलिऑयडोसिस, माती-पाण्यातल्या जंतूमुळे होणारा. भातशेती, मधुमेह, पावसाळा, आणि यकृतात, प्लीहेत किंवा प्रोस्टेटमध्ये गळू, असं जुळलं की त्याचा विचार करा. सेफ्ट्रियाक्सोन इथे अपुरं. सेफ्टाझिडीम किंवा मेरोपेनेम किमान दहा-चौदा दिवस, मग कोट्रायमोक्साझोल तीन महिने. प्रयोगशाळा याला अनेकदा ‘स्युडोमोनास’ म्हणून किंवा बाहेरून आलेला जंतू म्हणून सोडून देते. खूण अशी : जेंटामायसिन आणि कोलिस्टिन दोन्हींना दाद नाही, पण अमॉक्सिक्लॅवला आहे. असा अहवाल दिसला की तंत्रज्ञाला फोन करा आणि ती वाढ टाकून देऊ नका म्हणावं.

मलेरियाची तपासणी प्रत्येकाची, हे सांगायला नको. आणि गळू कुठेही असो, तो रिकामा केल्याशिवाय औषधं जिंकत नाहीत. बाळंतिणीच्या गर्भाशयात राहिलेला वारेचा तुकडा, खड्याने अडलेलं मूत्रपिंड, फुटलेलं अपेंडिक्स, हेही त्यातच आलं. बीपी थोडं सावरलं की सहा ते बारा तासांत त्याची सोय लावायची. अतिदक्षतेची खाट मिळेपर्यंत ते पुढे ढकलणं हीच पुष्कळदा खरी चूक असते.

प्रश्न : प्रसूतीच्या वेळी अझिथ्रोमायसिनची एक गोळी दिली की सेप्सिस टळतो, हे खरं का?
— वाचक, नागपूर

बरंचसं खरं. २०२३ मध्ये सात देशांतल्या २९ हजारांवर स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात बेळगाव आणि तुमचं नागपूरही होतं. नैसर्गिक प्रसूतीच्या कळा सुरू असताना २ ग्रॅम अझिथ्रोमायसिन एकदाच तोंडाने दिल्यावर आईला सेप्सिस होण्याचं किंवा मृत्यूचं प्रमाण २.४ टक्क्यांवरून १.६ टक्क्यांवर आलं. बाळांना मात्र फायदा दिसला नाही. सरसकट सगळ्यांना दिल्यास जंतू या औषधाला सरावतील ही भीती खोटी नाही. आमच्या मते आधी हातमोजे, स्वच्छ पाणी आणि वारंवार होणाऱ्या आतल्या तपासण्यांवर लगाम, मग गोळी.

प्रश्न : खासगी रुग्णालयाने रोज प्रोकॅल्सिटोनिन, शिवाय इम्युनोग्लोब्युलिन आणि व्हिटॅमिन सीची इंजेक्शनं आणायला सांगितली. कर्ज काढून आणली. गरज होती का?
— वाचक, सोलापूर

तुमच्या रुग्णाचे कागद पाहिल्याशिवाय त्या निर्णयावर बोलणं योग्य नाही. सर्वसाधारणपणे सांगायचं तर २०२१ च्या आंतरराष्ट्रीय सूचना सेप्सिसमध्ये इम्युनोग्लोब्युलिन आणि शिरेतून व्हिटॅमिन सी वापरू नये असं सुचवतात. पॉलिमिक्सिन-बीच्या रक्तशुद्धी फिल्टरबद्दलही तेच. प्रोकॅल्सिटोनिन या रक्ततपासणीचा उपयोग अँटिबायोटिक कधी थांबवायचं हे ठरवायला होतो, सुरू करायला नाही. आणि रोज करून काही साधत नाही. पैसे मोजकेच असतील तर ते ब्लड कल्चर, सोनोग्राफी आणि योग्य अँटिबायोटिकवर आधी खर्च व्हावेत. ‘या इंजेक्शनने नेमका काय फरक पडेल आणि न दिल्यास काय होईल?’ असं विचारण्याचा तुम्हाला अधिकार आहे. उत्तर लेखी मागितलं तरी चालतं.

प्रश्न : आई सेप्सिसमधून वाचली, पण दोन महिने झाले तरी उठताना पाय थरथरतात, विसरते, रात्री दचकते.
— वाचक, फोंडा, गोवा

हे अपेक्षित आहे आणि महिनोन्महिने चालू शकतं. अतिदक्षता विभागात पडून राहिल्याने स्नायू झपाट्याने झिजतात. रोज ठरावीक वेळा खुर्चीतून उठणं-बसणं, घरातल्या घरात चालणं, जेवणात डाळ, अंडी, मासे वाढवणं. शक्य असेल तर फिजिओथेरपी. जुन्या गोळ्यांची यादी डॉक्टरांना पुन्हा दाखवा. बीपीच्या आणि साखरेच्या गोळ्यांचे डोस आजारपणात बदललेले असतात आणि तसेच राहून जातात. पहिल्या तीन महिन्यांत पुन्हा संसर्ग होऊन दाखल व्हावं लागण्याचा धोका जास्त. त्यामुळे ताप, धाप, नवा गोंधळलेपणा किंवा दिवसभरात लघवी फार कमी, यातलं काही दिसलं तर दुसऱ्या दिवसावर टाकू नका, आणि दारातच सांगा की हिला नुकताच सेप्सिस होऊन गेला आहे.